खाली उतरवलेला हत्ती

एका गावात एक दगडी हत्ती होता. तळ्याच्या पायऱ्यांवर, पाण्याकडे तोंड करून उभा. कोणी घडवला, कधी आणला, देव जाणे. पण गावाचं सगळं वर्ष त्याच्यावर चालायचं. भादव्याच्या पुनवेला पाणी हत्तीच्या पोटाला लागलं, तर ऊस लावायचा. गुडघ्यापर्यंतच आलं, तर गहू. आणि पावलंही कोरडी राहिली, तर मुकाट्याने हरभरा पेरायचा.

तळ्याची राखण ठकूबाई नावाच्या पाटकरणीकडे होती. पाटाला पाणी सोडायचं नि बंद करायचं, हे सासूकडून आलेलं काम ती जिवापाड करायची. दर पुनवेला सकाळी ती पारावर उभी राहून खणखणीत आवाजात पुकारायची: महिन्यात पाऊस किती झाला, नदीला धार किती, तळ्यात साठा किती. पाऊस ती अंगणातल्या उखळात मोजायची, नदी स्वतःच्या पायांवर आणि तळं हत्तीवर.

त्या वर्षी आषाढात उखळ भरून वाहिलं. श्रावणात मात्र त्यात चिमणीची चोच भिजेल एवढंही पाणी साचलं नाही. भादव्यात नदी ठकूबाईच्या घोट्यावर आली, आणि नदीतून तळ्याकडे येणारा पाट रडतखडत वाहू लागला. हत्तीची पावलं कोरडी ठणठणीत.

इकडे पाटलांनी मोठ्या हौसेने गुऱ्हाळ घातलं होतं. रस उकळायची नवी कोरी काहील अंगणात येऊन पडली होती. आता ऊसच लावला नाही, तर तिच्यात शिजवायचं काय? आमटी?

पाटलांनी गाव गोळा केलं. म्हणाले, "अरे, आपला गजराज पाण्यासमोर तहानलेला उभा! शोभतं का आपल्याला? चला, चार पायऱ्या खाली नेऊन त्याला पाण्यात उभा करू."

झालं! दोर आले, ओंडके आले, हळदीकुंकू झालं. हत्ती उतारावरून सरसर खाली गेला. बाया-बापड्यांनी टाळ्या पिटल्या. आणि गंमत बघा, स्वतःच्या हातांनी खाली ओढलेला हत्ती, पण त्याच्या पोटाला पाणी लागलेलं बघून तीच माणसं नाचायला लागली! "पोटाला लागलं! यंदा ऊस!" माणसाला हवं तेच दिसतं, दुसरं काय.

पुनवेला ठकूबाई पारावर चढली. पाटील शेजारीच उभे होते. हळूच म्हणाले, "पोटाला म्हण, ठकूबाई. नाहीतर तुझं काम दुसऱ्याला देईन."

या कामाखेरीज तिला दुसरं होतं काय? पण वैशाखातल्या कोरड्या घागरी तिच्या डोळ्यांपुढे आल्या. तिने पदर खोचला.

"उखळ रिकामं! नदी घोट्याला! आणि तळं कालच्या जागीच आहे. पाणी हत्तीपर्यंत आलं नाही, हत्ती पाण्यापर्यंत गेलाय. हरभरा पेरा!"

लोक हसले. कोणी म्हणालं, "म्हातारीची नजर गेली." पाटील लाल झाले. "जा, आजपासून तू पाटकरीण नाहीस!"

तळ्याला पाणी सोडायच्या दोन मोऱ्या होत्या. वरची पिकांसाठी आणि अगदी तळाजवळची पिण्याच्या पाण्यासाठी. ठकूबाईने वरच्या मोरीचा लाकडी दट्ट्या पाटलांच्या हवाली केला. "ही मोरी पिकाची, ती घ्या. खालची तहानेची आहे, ती मी सोडणार नाही." आणि तिने आपली चूल उचलून खालच्या मोरीपाशी मांडली. ऊन असो, थंडी असो, तिथून ती हलली नाही.

गावभर ऊस लागला. माघापर्यंत वरच्या मोरीने पाणी दिलं, मग ती नुसती फुसफुसली आणि बंद पडली. कमरेएवढा ऊस माना टाकायला लागला. पाटील गडी घेऊन खालच्या मोरीवर आले.

"ऊठ, ठकूबाई. एक पाणी मिळालं की ऊस तगेल."

"आणि माणसं कशावर तगतील?"

"पुढचं पुढे बघू. दट्ट्या काढ!"

ठकूबाई दट्ट्यावर बैठक मारून बसली. म्हणाली, "एवढं कशाला पाटील? हत्तीला अजून चार पायऱ्या खाली उतरवा की! पाणी पुन्हा त्याच्या पोटाला लागेल. मग तेच द्या उसाला."

गडी एकमेकांकडे बघू लागले. कोणाच्या तरी तोंडून फिस्सकन हसू फुटलं. तेवढ्यात पाटलांची आई पाण्याला आली. तिने काखेतली घागर खाली ठेवली आणि ठकूबाईला खेटून बसली.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार रे बाबा?" ती लेकाला म्हणाली. "आता उठवायचं तर आम्हां दोघींना उठव."

पाटील मान खाली घालून परत गेले.

ऊस वाळला. काहील पालथी पडून राहिली. पण वैशाखात आजूबाजूची गावं पाण्यासाठी वणवण भटकत असताना या गावात सकाळ-संध्याकाळ खालची मोरी उघडत होती. घागर भरताना लोक ठकूबाईच्या पाया पडायचे. ती म्हणायची, "पाया पडू नका, सांडू नका."

पावसाआधी गावाने पुन्हा दोर आणले. खाली जाताना सरसर गेलेला हत्ती वर यायला मात्र तयार होईना. अख्खं गाव जुंपलं, खांदे सोलवटले, सगळ्यांचा घामटा निघाला. सगळ्यांत पुढे दोराला पाटील होते. हत्ती जुन्या पायरीवर टेकला, तेव्हा ते धापा टाकत ठकूबाईपुढे आले आणि त्यांनी वरच्या मोरीचा दट्ट्या तिच्या हातात दिला.

पुढच्या भादव्यात ठकूबाईने पुकारलं, "हत्तीची पावलं कोरडी!"

सगळ्यांत आधी पाटलांनी हरभऱ्याचं बी बाहेर काढलं.

तात्पर्य: माप खाली सरकवलं म्हणून पाणी वाढत नाही, आहे ते आधी खरं मोजावं, मग पेरावं.