पाणी पिणारा पाट

एका राज्यात, जिथे पक्षी माणसांशी बोलत आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे, धरणाचं पाणी शेतांना नेणारा एक पाट शापित झाला होता. राणी पद्मलेखेच्या वडिलांनी त्याच्या मुखाशी पुरलेलं मांत्रिकाचं धन उकरलं, तेव्हा मांत्रिक गरजला, "पाणी पाटाच्या जेवढ्या अंगाला शिवेल, तेवढं पाट पिऊन टाकील. टोकाच्या गावी पाणी पोहोचेल, तेव्हाच शाप सुटेल!"

त्याला चाळीस वर्षं लोटली. टोकाची शेवंतवाडी कोरडी पडली. पण पाटाचं पाणी वाटणाऱ्या म्हाताऱ्या हैबती पाटकऱ्याच्या कानात तिथली खळखळ अजून होती. त्याची बायको गोदी त्याच गावची. पाटात पाय सोडून ती गाणी म्हणायची. आता गोदीही नव्हती.

राणीने त्याला बोलावलं. "हैबतीबाबा, धरणात तीन आवर्तनांपुरतं, म्हणजे तीनदा पाटात सोडण्यापुरतं पाणी आहे. तेवढ्यात जमलं नाही, तर शेवंतवाडी उठेल."

"प्रयत्न करतो, राणीसाहेब."

पहिल्या आवर्तनाला त्याने पाट रुंद, उथळ केला. पाणी ऐसपैस पसरलं आणि अर्ध्या वाटेत गडप झालं. दुसऱ्याला त्याने पाट अरुंद, खोल केला, काठ भिंतीसारखे उभे. काठ ढासळले, पाणी तुंबलं.

हैबती डोकं धरून बसला. तेव्हा काठावरची टिटवी म्हणाली, "पाणी तेवढंच मावावं, पण पाटाला कमीत कमी शिवावं. तो आकार तू पाहिला आहेस."

"कुठे?"

"गोदीच्या हातात."

गोदी मोहोळ कापायची! मधमाशीचं सहा बाजूंचं घर बरोबर मधोमध कापलेलं त्याला आठवलं. एक तळ, दोन तिरके काठ, तिघांची लांबी सारखी. त्याचे डोळे भरून आले. त्याच मापाने त्याने पाट खोदवला आणि तिरक्या काठांना दगड बसवले.

तिसऱ्या आवर्तनाचं पाणी शेवंतवाडीत शिरलं. मांत्रिकाची सावली पाटावरून उठली आणि डोंगरात विरली.

राणी म्हणाली, "बाबा, पाण्याच्या पाळ्या पुकारा."

हैबतीला चाळीस वर्षांपूर्वीचीच नावं पाठ होती. तो पुकारू लागला, "सटवाजी मळेकर!"

सटवाजी कधीच गेला होता. गर्दीतून त्याची नात पुढे आली. "हजर, बाबा."

"यमाई ढवळे!"

"हजर," यमाईची सून म्हणाली.

नावामागून नाव आलं, आणि प्रत्येक नावाला कुणीतरी ओ दिली. त्या राज्यात पाण्याची पहिली पाळी तेव्हापासून टोकाच्या गावाची.