राजाने ‘थांब’ म्हटलं तेव्हा

राजाने ‘थांब’ म्हटलं आणि रथ थांबला नाही.

करवंदगडाच्या राज्यात एवढा मोठा राजद्रोह आजवर घडला नव्हता. राजे उदंडराव दर आठवडी बाजाराला गडाच्या उतारावरून रथ भरधाव सोडत खाली यायचे आणि प्रजा भिंतींना चिकटून त्यांचा जयजयकार करायची. रहदारीचा नियम एकच होता, बाकीच्यांनी बाजूला व्हावं. त्या दिवशी मात्र उताराच्या तळाशी गाडगी विकणारी म्हातारी धोंडाबाई वेळेवर बाजूला झाली नाही. राजे ओरडले. सारथी सटवाजीनं सगळा जीव लावून लगाम खेचले, घोडे मागच्या पायांवर बसले, तरी रथ त्यांना रेटत पुढे गेलाच. म्हातारी कशीबशी वाचली. गाडगी वाचली नाहीत.

म्हातारीची चौकशी कोणी केली नाही. दरबारापुढे प्रश्न होता तो आज्ञाभंगाचा.

“महाराजांचा शब्द निघाला तिथंच रथ थांबायला हवा होता,” प्रधान मान डोलावत म्हणाले. “आपल्या शब्दासरशी माणसं थांबतात, वाजंत्री थांबते. रथानं का थांबू नये? सारथ्याच्या मनातच खोट आहे.”

राजांना हे लगेच पटलं. ज्यात आपली चूक नाही असं काहीही त्यांना लगेच पटायचं. हुकूम सुटला, उद्या तोच उतार आणि तोच वेग. तळाशी चुन्याची रेघ मारायची. रेघेवर येऊन राजे ‘थांब’ म्हणाले की रथ रेघेवरच थांबला पाहिजे, नाहीतर सटवाजीचे दोन्ही हात कलम. प्रधानांच्या मते शिक्षा तशी सौम्य होती. हात त्यांचे नव्हते.

सटवाजी घरी आला तो भाकरीकडे न बघताच बसून राहिला. लगामानं त्याचे तळवे सोलून निघाले होते. मुलगी भिवरा त्यांना तेल लावायला बसली.

“कशाला लावतेस?” तो म्हणाला. “उद्या तोडायचेच आहेत. धावता रथ रेघेवर उभा करणारा सारथी अजून जन्माला यायचाय. हात गेल्यावर तुला खायला काय घालू गं?”

भिवराला राग आला, आणि राग आला की तिचं डोकं फार छान चालायचं.

“बा, तू जेवून घे,” ती म्हणाली. “उद्या मी येते तुझ्याबरोबर.”

दुसऱ्या दिवशी अख्खा बाजार उताराच्या दोन्ही बाजूंना उभा होता. खाली रेघेपाशी न्यायनिवाडा करायला खुद्द प्रधान उभे होते. वर गडाच्या दाराशी राजे रथात पाऊल ठेवणार, तोच भिवरा पुढे झाली.

“महाराज, माझा बाप अडाणी, घोडे त्याहून अडाणी. तुमची आज्ञा कशी पाळायची ते त्यांनी कधी पाहिलंच नाही. कोणीतरी एकदा पाळून दाखवावी.”

“कोण दाखवील?”

“राज्यात तुमचं सगळ्यात जास्त कोण ऐकतं?”

राजांनी विचार केला. राणीसाहेबांचं नाव त्यांनी मनातल्या मनात खोडलं.

“तुमचे स्वतःचे पाय, महाराज,” भिवरा म्हणाली. “त्यांना तर तुम्ही बोलायच्या आधीच हुकूम कळतो. इथून भरधाव धावत जा, रेघेवर ‘थांब’ म्हणा आणि उभे राहा. घोडे बघतील, शिकतील.”

राजे खूश झाले. त्यांनी सोगा खोचला, टोप सेवकाच्या हाती दिला आणि सुटले. निम्म्या वाटेपर्यंत राजे धावत होते, पुढे उतारच त्यांना धाववू लागला. रेघ आली तसे ते गरजले, “थांब!”

पाय ऐकतील तर शपथ. रेघ मागे पडली, समोर प्रधान आले, आणि दोघं मिळून वांग्यांच्या ढिगात जाऊन विसावले.

बाजार चिडीचूप झाला. हसायची परवानगी आहे की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं. भिवरा मागून चालत आली. तिला घाई नव्हती.

“महाराज रेघेवरच थांबले होते,” प्रधान ढिगातून म्हणाले. “रेघच मागे सरकली.”

“असं होय,” भिवरा म्हणाली. “मग काल माझ्या बापाचा रथही थांबलाच होता, प्रधानजी. धोंडाबाईचं दुकानच धावत येऊन त्याच्यावर आदळलं. तिला विचारा, एवढी घाई कसली होती.”

राजांच्या ओठांवर हसू आलं, पण त्यांनी ते दाबून धरलं. “पोरी, माझेच पाय माझं का ऐकत नाहीत?”

“पाय ऐकतात, महाराज. वेग ऐकत नाही, त्याला कान कुठं असतात? तुम्ही रेघ पाहिली, मग ओरडलात, मग पायांनी जोर लावला. तोवर रेघ गेली. रथात तर तुम्ही बघणार, बा ऐकणार, घोडे अडवणार आणि मागून अख्खा रथ त्यांना ढकलणार. जिथं थांबायचं तिथं ‘थांब’ म्हणून भागत नाही, खूप आधी म्हणावं लागतं. आणि मुळात हळू यावं लागतं.”

“राजानं हळू यायचं?”

“मग गाडीवानांसारखं करा. उतार लागला की ते गाडीच्या मागे ओंडका बांधतात. तो जमिनीला घासत येतो आणि गाडी हाताबाहेर जात नाही.”

“राजाच्या रथामागे सरपण?” राजे दचकले. “ते शोभायचं नाही. काहीतरी दरबारी हवं.”

भिवरानं अंगावरची वांगी झटकणाऱ्या प्रधानांकडे खालपासून वरपर्यंत नीट पाहून घेतलं.

“मग दरबारातलंच काहीतरी जड बघून बांधा, महाराज.”

राजे इतके हसले की पुन्हा वांग्यांत बसले, आणि बाजारालाही एकदाची परवानगी मिळाली. सटवाजीच्या दोन्ही हातांत सोन्याची कडी आली, धोंडाबाईला नवी गाडगी मिळाली, आणि उतारावर रथ किती वेगानं सोडायचा हे ठरवायचा हक्क राजांनी भिवराला दिला.

प्रधानांनी मात्र कोणाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. त्याच दिवशी कुऱ्हाड घेऊन ते स्वतः रानात गेले आणि रथासाठी एक ओंडका निवडून आले. चांगला जाडजूड, आपल्यापेक्षा जड.