टायर बसला, ठिपका अडकला

एक होती मुंगी. काळी काळी, मिऱ्याएवढी. म्हणून तिचं नाव मिरी.

मिरीचं बीळ नीरूच्या अंगणात होतं. फरशीच्या फटीत. बिळात तिचा धाकटा भाऊ, ठिपका. एवढुस्सा! त्याला अजून नीट चालताही येत नव्हतं.

एकदा सकाळी मिरी खाऊ आणायला गेली. तुरुतुरु तुरुतुरु. लाडवाचा कण घेऊन परत आली. बघते तर काय, बीळच नाही!

बिळाशेजारी नीरूच्या आईची गाडी उभी होती. तिच्या टायरातली हवा गेली होती. फुस्सऽऽ. टायर पसरला आणि थेट बिळावर बसला. आत ठिपका. एकटा.

मिरीच्या तोंडातला कणच पडला. "अगं बाई! आता माझं बाळ बाहेर कसं येणार?"

मिरी म्हणाली, "टायरदादा, टायरदादा, ऊठ की!"

टायर म्हणाला, "मला का बसायची हौस आहे? पोटात हवा नाही, उठू कसा? पंपाने हवा दिली तर उठेन."

मिरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पंप होता जिन्याखाली.

"पंपकाका, पंपकाका, हवा द्या की!
टायर उठेना,
ठिपका येईना!"

पंप म्हणाला, "देईन की! पण मला पायाने दाबावं लागतं. नीरूच्या आईने दाबलं तर देईन."

मिरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"नीरूची आई, नीरूची आई, पंप दाबा की!
पंप हवा देईना,
टायर उठेना,
ठिपका येईना!"

आई म्हणाली, "अगोबाई! चुकलंच गं माझं. या महिन्यात टायर बघायचे राहिले. पण हवा किती भरू? कमी भरली तर टायर पुन्हा बसेल. जास्त भरली तर गाडी टणाटणा उडेल. काट्याने सांगितलं तर दाबेन."

हवा मोजणारा काटा फार विचारी. आईने त्याला टायराला लावलं. मिरी त्याच्याजवळ गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"काटेभाऊ, काटेभाऊ, सांगा की!
आई दाबेना,
पंप हवा देईना,
टायर उठेना,
ठिपका येईना!"

काटा म्हणाला, "हं... हं... आत्ता हवा आहे बारा. आहे किती, ते मला कळतं. हवी किती, ते मला कसं कळणार? ते गाडीच्या दारावर लिहिलंय. दार उघडलं तर सांगेन."

मिरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"दारताई, दारताई, उघडा की!
काटा सांगेना,
आई दाबेना,
पंप हवा देईना,
टायर उठेना,
ठिपका येईना!"

दार म्हणालं, "आकडा माझ्याजवळच आहे. आतल्या कडेला चिकटवलाय. पण मला कुलूप ना! किल्ली फिरली तर उघडेन."

मिरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"किल्लीबाई, किल्लीबाई, फिरा की!
दार उघडेना,
काटा सांगेना,
आई दाबेना,
पंप हवा देईना,
टायर उठेना,
ठिपका येईना!"

किल्ली म्हणाली, "कशी फिरू? बघ ना, मी नीरूच्या मुठीत. नुसतं नाक बाहेर! नीरूने मूठ सोडली तर फिरेन."

नीरू पायरीवर बसली होती. दोन वर्षांची नीरू.

"नीरू, नीरू, मूठ सोड की!
किल्ली फिरेना,
दार उघडेना,
काटा सांगेना,
आई दाबेना,
पंप हवा देईना,
टायर उठेना,
ठिपका येईना!"

नीरू म्हणाली, "नाही! माझी!"

झालं!

मिरी विचार करू लागली. चावू का हिला? एकदाच, कडकडून? मूठ लगेच सुटेल. पण हीसुद्धा छोटीच. भोकाड पसरेल बिचारी. नको.

मिरी नीरूच्या बोटावर चढली. हळूच म्हणाली, "नीरू, माझं बाळ आत आहे. त्याला मी दिसत नाही."

नीरूने मिरीकडे बघितलं. मग आईकडे बघितलं. आई दिसत होती.

नीरूने मूठ सोडली.

किल्ली फिरली. खट्!
दार उघडलं. कुईंऽऽ!
दारावर आकडा होता तेहतीस.
काट्याने सांगितलं, "तेहतीस!"
आईने पंप आणून टायराला जोडला आणि दाबला. पंपाने हवा दिली. फुस्स फुस्स, फुस्स फुस्स!
टायर उठू लागला. वीस... तीस... तेहतीस!
काटा ओरडला, "पुरे! आता एक फुंकरसुद्धा नको."

टायर उठला. बीळ दिसलं.

मिरी धावली. बिळात अगदी शांत.

"ठिपक्या? अरे ठिपक्या?"

एक मिशी बाहेर आली. मग दुसरी मिशी. मग डोळे चोळत ठिपका आला.

"ताई, आज रात्र दोनदा झाली का गं?"

मिरीने त्याला घट्ट धरलं.

"हो रे माझ्या राजा," ती म्हणाली. "आणि बघ, सकाळपण दोनदा झाली!"