पंधरा घरांचा दोर

“मग माझ्या यादीत उणं काय आहे, तेवढं तरी सांग आक्का.”

खालच्या वाडीच्या आडाला टेकून यल्लूआक्का पाय चोळत बसली होती. चाळीस वर्षं विहिरी खणलेले पाय.

हेमलता उभीच होती. वरच्या वाडीहून दीड कोस उन्हातून आलेली, खांद्यावर नव्या कोऱ्या दोराचं वेटोळं, घसा कोरडा ठाक. बस म्हटलं तरी बसली नाही. बसली असती तर ती हेमलता कसली.

दगड टाकून आवाजावरून पाणी ओळखायचं, हे तिला आक्कानेच शिकवलं होतं. तीन उन्हाळे आक्काच्या मागे मागे फिरली. मग तिने आपली वाट काढली. वरच्या वाडीच्या एकेचाळीस विहिरी दर सोमवारी पोलादी टेपने मोजायच्या आणि इंटरनेटवर टाकायच्या. विहिरीचा नंबर, खोली, पाणी, तारीख. एक रकाना रिकामा नाही. कुणीही बघावं, कुणीही उतरवून घ्यावं, कुलूप नाही. तालुक्यात नाव झालं होतं तिचं.

घोडं अडलं होतं ते माने गुरुजींपाशी.

गुरुजी खालच्या वाडीचे, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनीही आपल्या वाडीच्या विहिरींची यादी तशीच उघडी टाकली होती. पाच दिवसांपूर्वी त्यांचा फोन आला होता, की पोरी, दोन्ही याद्या एकमेकींना जोडू. एका झऱ्यावरच्या विहिरी एकमेकींशी बांधू. तालुका कचेरीने बोअरची नोंद इंटरनेटवर टाकली आहे, तीही बांधू. मग एका विहिरीवर बोट ठेवलं की तिच्या वरच्या अंगाला बोअर कुठला, तो कधी पाडला आणि त्यानंतर खालचं पाणी किती उतरलं, सगळं एकामागून एक उघडत जाईल. कुणाला विचारायला नको.

हेमलताने साफ नाही म्हणून सांगितलं.

आणि शनिवारी टँकरची सभा होती. खालच्या बायका म्हणत होत्या, वरच्या नव्या बोअरने आमचं पाणी ओढलं, आम्हाला रोज टँकर द्या. वरचे म्हणत होते, पुरावा दाखवा. अर्धा पुरावा हेमलताच्या यादीत, अर्धा गुरुजींच्या. सुटा सुटा कुणी वाचणार नव्हतं. मग टँकर आठवड्याला एकच, आहे तसाच. हेमलताची सख्खी थोरली बहीण शेवंता याच वाडीत दिलेली. ती आत्ता चार बायकांबरोबर रिकामी घागर घेऊन आडाशी उभी होती आणि धाकटीशी बोलत नव्हती.

“गुरुजी सुतळीला दगड बांधून मोजतात,” हेमलता म्हणाली. “दोन्ही हात पसरून वाव धरतात. त्यांचे हात आखूड. त्यांच्या चुका मी माझ्या यादीला बांधून घेऊ?”

…

“तहान लागलीय ना,” आक्का म्हणाली. “पाणी काढ.”

कठड्यावर आडाचा दोर पडला होता. त्याला दोर म्हणायचं तर डोळे मिटूनच. ह्या वाडीची रीत अशी, की उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पाळीच्या घराने वावभर दोर आणून मागच्या घराच्या दोराला गाठ मारायची. वावभर म्हणजे दोन्ही हात पसरून होतो तेवढा. ज्याच्याकडे जे असेल ते चालतं. काथ्या, घायपात, बैलाचा कासरा, नेसून विटलेलं लुगडं पिळून. कुणाचं नाकारायचं नाही. यंदा पंधरावं घर जोडलं गेलं होतं. कुठली गाठ कुणाची, हे शेंबडं पोरही सांगे. पाणी किती खाली गेलं असं इथे कुणी विचारत नाही. गुरवांच्या गाठीला गेलं, कुंभारांच्या गाठीला गेलं, असंच बोलतात.

हेमलताने तो बोटानेही उचलला नाही. खांद्यावरचं वेटोळं उतरवलं.

“हा तुमच्या आडासाठीच आणलाय. एकसंध. कुठे गाठ नाही. माझ्या यादीतली सगळ्यात खोल विहीर अकरा वाव आहे. हा बारा आहे.”

आक्काने मान हलवली. सोड म्हणाली.

पोहरा बांधला, रहाटावरून दोर सोडला. पांढराशुभ्र दोर सरसर खाली गेला. बायका बघत राहिल्या. दिसायला देखणाच होता तो.

दोर संपला. टोक हेमलताच्या मुठीत आलं.

तिने कान दिला. बुडाल्याचा आवाज नाही. पोहरा नुसता भिंतीला टकटक आपटत होता.

ती कठड्यावर पोट टेकून वाकली, हात जाईल तितका आत घातला. टकटक…

“हेमे,” पाच दिवसांत पहिल्यांदाच शेवंता बोलली, “तुझा पोहरा वरच्या वर वारा पितोय गं.”

बायका हसल्या. हेमलताच्या कानशिलांना ऊन लागलं.

“एवढं खाली कधी गेलं?” ती आक्काला म्हणाली. आवाजातला ताठा गेला होता. “पंधरा घरांचा दोर, म्हणजे चौदा वाव तरी असेल. हे कुणी…”

कुणी मोजलं होतं ते तिला ठाऊक होतं. गुरुजींची यादी तिने कधी उघडून पाहिली नव्हती.

…

आक्का उठली. कठड्यावरच्या चिंध्यांच्या दोराचं टोक उचललं आणि हेमलतापुढे धरलं.

हेमलता त्या टोकाकडे बघत राहिली. विटलेल्या हिरव्या लुगड्याचा पीळ, काठावर पिवळी फुलं. आईने शेवंताच्या पहिल्या बाळंतपणात घेतलेलं लुगडं. हेमलतानेच ते दुकानात स्वतःच्या हाताने निवडलं होतं.

तिने आपला कोरा दोर त्याला बांधला. गाठ मारायची सवय नव्हती, पहिली सुटली. शेवंताने पुढे येऊन तिच्या हातावर हात ठेवला आणि दुसरी मारून दिली.

“ही वरच्या वाडीची गाठ,” मागून एक बाई म्हणाली. रीतीप्रमाणे नाव पडलं.

पोहरा आणखी खाली गेला. एक वाव, दोन वाव… मग खालून तो आवाज आला, जो ऐकायला आक्काने तिला तीन उन्हाळे शिकवलं होतं.

पाणी वर आलं. थोडं गढूळ, पण पाणी. हेमलता ओंजळीने प्यायली, मग बहिणीची घागर भरली.

“ताई, गुरुजींचं घर कोणतं गं?”

शेवंताने लिंबाकडे हात केला.

हेमलता चार पावलं गेली आणि वळली. खोड जात नाही माणसाची.

“आक्का, सगळं बांधते मी. पण शनिवारी भर सभेत कुणाचं माप चुकीचं निघालं, त्यातली एखादी गाठ सुटली, तर?”

आक्का पुन्हा पाय चोळत बसली होती.

“सुटू दे की. कुणाच्या दारात जायचं ते कळतं.”