भागाईच्या पदराखाली

लिंबनाथ महाराज त्या सुमारास पिंपळदरीला, नदीकाठच्या धर्मशाळेत राहत होते. संध्याकाळी गाव दर्शनाला येई. त्यात भागाई कोष्टीण असे. तिचं एकुलतं एक मूल आदल्या वर्षी देवीच्या साथीत दगावलं होतं. तेव्हापासून कोणाचंही पोर रडलं की ती हातातलं काम टाकून धावायची.

गावचे पुराणिक वामनशास्त्री एकदा महाराजांसमोरच तिला म्हणाले, "काय गं भागे, पाप काय, पुण्य काय, हे तुला सांगतं कोण? पुराणाला तर तू कधी बसत नाहीस."

"कोणी सांगत नाही, शास्त्रीबुवा. आतून कळतं."

"आतून तर भूकही कळते! मग गाढवालाही धर्मात्मा म्हणू या!"

मंडळी खो खो हसली. शास्त्रीबुवा महाराजांकडे वळले. "शास्त्राचा धाक नसेल तर माणूस म्हणजे जनावरच. खरं ना, महाराज?"

महाराजांनी प्रसादाचा पहिला खडा भागाईच्या हातावर ठेवला.

पुढे शास्त्रीबुवांची पत्नी उमाबाई बाळंतपणात अडल्या. सुईण जवळ होती, पण त्यांना भागाई हवी होती. दोघींची पाणवठ्यावरची मैत्री. आतून त्यांचा आवाज आला, "भागाईला बोलवा हो. ती हात धरून बसली की मला धीर येईल."

"मूल गेलेल्या बाईची सावली बाळंतिणीवर पडू नये," शास्त्रीबुवा दाराबाहेरून म्हणाले.

थोड्या वेळानं उमाबाईंनी विचारलं, "आली का ती?" मुलगा झाला आणि उमाबाई गेल्या.

पोराच्या पोटात शेळीचं दूध ठरेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तर रडून रडून त्याचा आवाजही बसला. शास्त्रीबुवा त्याला मांडीवर घेऊन नुसते बघत होते. एवढ्यात महाराज अंगणात आले. मागे भागाई होती.

महाराज म्हणाले, "हिच्याकडे द्या."

"महाराज, हिचं मूल जाऊन वर्ष झालं. हिला दूध कुठलं?"

"आधी द्या तर खरं."

भागाईनं पोराला पदराखाली घेतलं आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. मग सुईणच ओरडली, "अगं बाई! दूध आलंय! पोर पितंय!"

काय ती नाथांची करुणा! आटलेल्या छातीला पान्हा फुटला!

शास्त्रीबुवा म्हणाले, "भागाई, मी तुझी एवढी टिंगल केली. तुला दारात येऊ दिलं नाही. तरी तू आलीस कशी?"

"पोर रडत होतं ना," ती म्हणाली. तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

शास्त्रीबुवांचा बांध फुटला. "महाराज, हे मला काल का नाही कळलं?"

"कळलं होतं," महाराज हलकेच म्हणाले. "उमाबाईंनी 'बोलवा हो' म्हटलं तेव्हा तुम्ही उठला होतात. पायात वहाणा घातल्या होत्यात. मग शास्त्र आठवलं आणि तुम्ही वहाणा काढून पुन्हा बसलात. शास्त्रीबुवा, उठवलं ते कोणी? ते देवानं पोथीच्या आधीच दिलेलं असतं."

हे शास्त्रीबुवांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. तेव्हा अंगणात दुसरं कोणी नव्हतंही. ते महाराजांच्या पायांवर कोसळायला गेले, तर महाराज बाजूला झाले. समोर भागाई बसली होती. शास्त्रीबुवांनी तिच्यापुढे जमिनीला डोकं टेकलं आणि उमाबाईंचं नाव घेऊन ते हमसून रडू लागले.

"हळू, शास्त्रीबुवा," भागाई म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."