विचारून सांगतो

एकदा एका नदीकाठच्या वैद्यशाळेचे वृद्ध आचार्य दोन दिवस परगावी गेले असता, एक बाई तापाने फणफणलेले लेकरू घेऊन आली. शाळेत सात शिष्य होते. औषध सातही जणांना मुखोद्गत होते, पण प्रत्येकाने एकच उत्तर दिले, "आचार्यांना विचारून सांगतो." हे उत्तर तिथे इतके रुळले होते की त्यात काही वावगे आहे, असे कुणाला वाटतही नसे. आचार्य परतले तेव्हा लेकरू निपचित पडले होते. ते वाचले, पण थोडक्यात.

आचार्य कुणावर रागावले नाहीत. आठ दिवसांनी, नदी फुगण्याच्या बेतात असताना, त्यांनी अंथरूण-पांघरूण गुंडाळले आणि पैलतीरावरच्या झोपडीत राहायला निघाले. नदी भरली की तीन महिने होडी बंद असे. सर्वांत थोरला शिष्य गदाधर घाटापर्यंत मागे धावत आला.

"आचार्य, पावसाळ्यात तर रोगी दुपटीने येतात. नेमके आताच आम्हाला सोडून जाता?"

"नेमके आताच," आचार्य म्हणाले. "अगदीच हाताबाहेर गेले, तर घाटावरच्या खांबाला पांढरे धोतर बांध. पुरातूनही मी येईन."

गदाधरला आधी राग आला. मग राग ओसरला आणि नुसती आठवण उरली. नाडी पाहताना शेजारून आचार्यांचे खोकणे ऐकू येत नाही, याची त्याला सवयच होईना. स्नानाचे निमित्त करून तो रोज घाटावर जाई. पलीकडच्या पडवीत एक पांढरी आकृती बसलेली दिसे. ती दिसली की त्याला बरे वाटे, आणि परत फिरताना अधिकच चुकल्याचुकल्यासारखे होई.

श्रावणात गावात हगवणीची साथ आली. एका दिवसात अकरा जण अंथरुणाला खिळले. गदाधर धोतर घेऊन घाटावर गेला. गढूळ, फोफावत्या पाण्याकडे पाहिले, त्यातून येणारा ऐंशीचा म्हातारा डोळ्यांपुढे आला, आणि तो धोतर काखेत मारून माघारी वळला. पुढे एका अडलेल्या बाळंतिणीच्या वेळी पुन्हा तसेच घडले. त्याने जे सुचले, जे शिकला होता, ते केले. साथीत एक म्हातारा दगावला. बाकीचे उठले, बाळंतीणही वाचली.

पाणी उतरले. पहिल्याच होडीने गदाधर पैलतीरी गेला. तीन महिन्यांच्या शंका त्याने वहीत उतरवून ठेवल्या होत्या.

"विचार," आचार्य म्हणाले.

गदाधर पाने उलटत राहिला. एकेका शंकेचा निकाल त्याने कधीच लावून टाकला होता. शेवटी वही मिटून त्याने विचारले, "आपण परत कधी येणार?"

आचार्यांनी त्याच्या हातातली वही घेऊन बाजूला ठेवली.

"आज ना उद्या मी जाणार, ते टळायचे नाही. तेव्हा धोतर बांधूनही मला येता येणार नाही. म्हणून ते जाणे मी जिवंतपणीच एकदा करून पाहिले. तुमचा तोल गेला असता, तर सावरायला मी इथे होतो." त्यांनी पलीकडच्या घाटावरच्या खांबाकडे बोट दाखवले. "दोनदा तू धोतर घेऊन आलास. दोन्ही वेळा मी इथे काठाला बांधून ठेवलेल्या होडीत पाय टाकला होता. तू माघारी फिरलास तेव्हा बरे वाटले, गदाधर, आणि रडूही आले. आता मला इथेच राहू दे."

गदाधरने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. ते उचलायला त्याला फार वेळ लागला.

होडी अलीकडे लागली तेव्हा घाटावर एक गुराखी सुजलेला पाय घेऊन बसला होता. "वैद्यबुवा, पाय राहील ना?"

"विचारून..." जुन्या सवयीने शब्द ओठांवर आला. गदाधरने मागे वळून पाहिले. पडवीत पांढरी आकृती बसली होती.

तो पायरीवर बसला आणि गुराख्याचा पाय त्याने मांडीवर घेतला.

"पाहू दे मला," तो म्हणाला.