उभी गाडी धरायची नाही

"मग मलाच ती का दिसंना, बाबा?"

चमनशाबाबा घाटमाथ्यावरच्या दर्ग्यापुढं बसून रांजणाच्या तोंडाला फडकं बांधत होते.

निवास थोरवत पायरीवर बसला. उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवूनच तो घाट चढून आला होता.

आता हा निवास कोण, तर जुन्या गाड्या बघणारा. विकत घेणारा नव्हे, दुरुस्त करणारा नव्हे, नुसता बघणारा. जाता-येता कुठं जुनी फियाट दिसली, मॉरिस दिसली, राजदूत फटफटी दिसली, की गडी जिथल्या तिथं थांबायचा. या लोकांची अशी एक टोळीच आहे, आणि याला ते गाडी धरणं म्हणतात. डोळ्यांनीच धरायची, पण नियम कडक. गाडी रस्त्यावर चालती पाहिजे. शेडमधली, प्रदर्शनातली, कडेला बंद पडलेली धरली, असं कुणी म्हणालं तर बाकीचे हसून लोळायचे. उभी गाडी काय, शेरडूबी धरंल, म्हणायचे.

या कामात निवासचा हात धरणारा सगळ्या पंचक्रोशीत कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

पण एक गाडी राहिली होती. आणि नेमकी तीच त्याला हवी होती.

त्याचे वडील हिंदुराव हे ड्रायव्हर. गावातल्या डॉक्टरीणबाईंची हिरवी लँडमास्टर, म्हणजे अँबॅसिडरची थोरली बहीण, त्यांनी उभा जन्म चालवली. रोज संध्याकाळी गाडी शेडमध्ये लावायची, "गाडी लागली, बाई" म्हणून दारातनं सांगायचं, आणि मग घरी येऊन जेवायला बसायचं. आधी नाही. पुढं बाई गेल्या, गाडी विकली गेली, या हातातनं त्या हातात गेली, आणि कुठं गेली ते कुणालाच सांगता येईना.

आता हिंदुराव अंथरुणाला खिळले होते. मन मागं गेलं होतं. दिवेलागण झाली की विचारायचे, "गाडी घरला लागली का रं?"

निवास म्हणायचा, "लागली."

म्हातारा लेकाच्या तोंडाकडं टक लावून बघायचा. "खोटं बोलतोयस," म्हणायचा, आणि ताट सरकवायचा. सून शालन चार घास तरी खावा म्हणून गयावया करायची. दोन खायचे, कधी तेही नाही. हाडं दिसायला लागली होती, आणि निवासला रात्ररात्र झोप नव्हती. कुठंतरी ती गाडी धावताना एकदा दिसली असती, तर छातीठोकपणे सांगता तरी आलं असतं.

"बाबा, मी काय इचारलं..."

"ऐकलं." बाबांनी फडक्याची गाठ मारली. "लई गाड्या बघतोस म्हणं तू."

"बघतो म्हंजे? डोळं मिटून सांगतो. नुसत्या आवाजावर."

"असं?"

"परवाच बाजाराच्या वाटंला पांढरी लँडमास्टर धरली. कर्नाटकचा नंबर. ह्या मोसमात तीनदा घावली मला ती. दुसऱ्या कुणाला एकदाबी न्हाई."

"आत कोण हुतं?"

"कुठं?"

"गाडीत."

निवासला हसू आलं. "कोण का असंना, बाबा. गाडी बघायची का माणसं?"

खालून एक ट्रक वर आला. दर्ग्यासमोर येताच ड्रायव्हरनं बारीक हॉर्न दिला. पिराला सलाम म्हणून सगळेच देतात. बाबांनी मान न वळवता हात वर केला. मागून एसटी आली, तिलाही केला.

"वळून बस," बाबा म्हणाले.

"कसा?"

"रस्त्याकडं पाठ कर."

जुन्या गाड्या बघणाऱ्याला रस्त्याकडं पाठ करून बसवायचं म्हणजे गवयाला तोंडात सुपारी धरायला लावण्यापैकी झालं. पण निवास बसला. बापासाठी आला होता, काय करतो.

थोड्या वेळानं वळणाखाली इंजिनाचा आवाज आला. निवासचे कान टवकारले.

"अँबॅसिडर. डिझेल. सायलेन्सर फुटलाय."

"आत कोण हाय?"

"ते आवाजात कसं कळंल, बाबा?"

हॉर्न आला, बाबांनी हात वर केला.

मग एक फटफटी आली. "राजदूत," निवास म्हणाला. आता त्याचा आवाज जरा उतरला होता.

"मागं कोण बसलंय?"

निवास मनात म्हणाला, म्हाताऱ्यानं आज आपली फिरकी घ्यायची ठरवलेली दिसते.

ऊन कललं. वळणाखाली आणखी एक आवाज उठला. धापा टाकत वर येत होती गाडी. निवासनं कान दिला, तोंड उघडलं... आणि आवाज खोकल्यासारखा झाला, थांबला. मग नुसता वाफेचा फुस्स आवाज येत राहिला.

"आता?" बाबांनी विचारलं.

"बंद पडली."

"म्हंजे?"

"म्हंजे धरायची न्हाई. उभी गाडी आमच्यात धरत न्हाईत."

बाबांनी रांजणातनं हंडा भरला. तो निवासच्या पुढ्यात ठेवला.

"जा. पाणी दिऊन ये."

"मी?"

"मग काय मी? माझं गुडघं बघ."

निवास उठला. तोंड कडू करून, हंडा खांद्यावर घेऊन वळणाखाली उतरला. आलो होतो ज्ञान घ्यायला आणि लागलो पाणक्याच्या कामाला, असं त्याच्या डोक्यात चाललं होतं.

वळणावर तीच ती पांढरी लँडमास्टर उभी होती. कर्नाटकचा नंबर. मागची सीट काढून टाकलेली, आत रोपांचे रिकामे क्रेट. कंबरेला पदर खोचून एक दणकट बाई चाकामागं दगड लावत होत्या.

"बाबांनी धाडलं व्हय? बरं झालं," त्या म्हणाल्या. "माझा पाण्याचा डबा निम्मा सांडला आज. मी यमुना कुलगुडे. खालच्या बाजारात रोपं इकायला बसती. जरा थांबा, वाफ जाऊ द्या. लई घाई केली तर तोंडावर यील."

"ठावं हाय," निवास म्हणाला. ड्रायव्हरच्या पोराला हे शिकवायला नको होतं.

यमुताईंनी बॉनेट उचललं आणि टेकू लावला. निवासनं टोपणावर ओलं फडकं धरलं, हळूच पिळलं, पाणी ओतायला लागला. ओतता ओतता सहज वर बघितलं.

बॉनेट आतून हिरवं होतं.

आणि त्या हिरव्यावर तांबड्या रंगात एका हाताचा पंजा उमटलेला होता. मधल्या बोटाशेजारचं बोट निम्मंच होतं.

पाणी रेडिएटरमधून वर आलं, त्याच्या पायावर सांडलं. त्याला कळलं नाही.

हिंदुरावांचं ते बोट तरुणपणीच पंख्याच्या पट्ट्यात गेलं होतं. नवी गाडी आली त्या दसऱ्याला त्यांना गाडीवर पंजा उठवायचा होता, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, माझ्या नव्या गाडीवर असलं काही नको. मग त्यांनी तो आतून उठवला. बाहेरून कुणाला दिसायचा नाही, देवाला दिसला म्हणजे झालं. ही गोष्ट निवासनं लहानपणी शंभरदा ऐकली होती. धावत्या गाडीच्या बॉनेटखाली कोण बघणार?

"काय झालं हो, दादा?" यमुताईंनी विचारलं.

"हा हात..."

"व्हय, हात हाय. बेळगावाकडनं घेतली तवापास्नं हाय. बाहेरनं पांढरा मारला तवा पेंटर आतनंबी मारायला निघाला हुता. म्या म्हटलं, ऱ्हाऊ दे. कुणाचातरी हात हाय. दसऱ्याला त्यालाच हळदकुंकू लावती मी."

"माझ्या बाचा हाय," निवास म्हणाला. आणि त्याला रडू आलं. चांगला मिशीवाला गडी, भर रस्त्यात हंडा धरून रडला.

"हायत?" यमुताईंनी हळू विचारलं.

"हायत."

"मग रडतायसा कशाला?"

निवासनं बाहीनं तोंड पुसलं. "ताई, आता कुठं निघालाय?"

"घरला. दुसरं कुठं? पर सेल्फ गेलाय, धक्का मारावा लागंल. चार पावलांवरची सपाटी गाठून दिली की पुढं जरा उतार हाय."

निवासनं दगड काढला, डिकीला खांदा लावला. इतकी वर्षं शोधलेली गाडी, आणि आता त्याला तिचं काहीच दिसत नव्हतं. पायाखालचा रस्ता दिसत होता, आणि नाकापुढं पांढऱ्या रंगाचे पोपडे. सपाटी आली, उतार लागला, गाडीनं आचका दिला आणि सुरू झाली. तो पळत काचेशी गेला.

"घरला लागली की एक फोन करशीला?"

यमुताईंनी नंबर घेतला. "पाणी देणारं पुष्कळ भेटत्यात," त्या म्हणाल्या. "पोचलीस का म्हणून इचारणारं तुमीच पयलं."

दर्ग्यासमोर त्यांनी बारीक हॉर्न दिला. बाबांनी हात वर केला.

निवास परत येऊन पायरीवर बसला. आपणहूनच पाठ रस्त्याकडं केली. मध्ये गाड्या गेल्या. त्यानं एकीचंही नाव घेतलं नाही.

दिवेलागणीला फोन वाजला.

"लागली हो घरला," यमुताई म्हणाल्या. "छपराखाली लावली. सांगा तुमच्या वडलास्नी."

निवासनं लगेच घरी फोन लावला. शालनला म्हणाला, "आबांच्या कानाला लाव."

"आबा, गाडी घरला लागली."

पलीकडनं नुसता म्हाताऱ्याचा श्वास येत होता.

"कुठं लावली?"

"छपराखाली."

"कोण हाय चालवाय?"

"एक ताई हायत. यमुताई."

"गेर टाकताना खडखड करती का?"

"न्हाई, आबा. म्या ऐकलं."



"आज खरं बोलतोयस," हिंदुराव म्हणाले. मग आवाज लांब गेला. "शालन... वाढ गं मला."

शालननं फोन घेतला. "ऐकलासा का? वाढ म्हणत्यात," ती म्हणाली, आणि भांड्यांचा आवाज आला. निवासचा जीव भांड्यात पडला. त्यानं फोन खाली ठेवला आणि बराच वेळ नुसता हसत बसला. अंगातली सगळी हवा निघून गेल्यासारखं हलकं वाटत होतं.

पण सवय कुठली जाते. थोडं बरं वाटताच जुना निवास जागा झाला.

"बाबा, एक सांगा. टोळीत इचारतील मला. गाडी तर उभी हुती. मग ती धरली म्हणायची का न्हाई?"

बाबा रांजणात डोकावून बघत होते. वळणाखाली कुठलंसं इंजिन धापा टाकत वर येत होतं. निवासचे कान आपोआप टवकारले, तोंड उघडलं.

इंजिन खोकलं. थांबलं.

निवासनं तोंड मिटलं. बाबांकडं बघितलं.

"आत कोण असंल, बाबा?"

चमनशाबाबांनी रिकामा हंडा त्याच्याकडं सरकवला.

"कुणाच्यातरी घरी जेवण थांबलंय," ते म्हणाले. "भर."